संवादी नकाशा आणि नकाशावरील मोकळी जागा
‘आर’ संगणकभाषेच्या साहाय्याने डॅशबोर्डमध्ये नकाशा बसविण्याचा एक पाठ

ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत विहिरी, झरी, शाळा, रस्ते, नळजोडण्या यांची माहिती ओळीओळीने लिहिलेली असते. ती माहिती खरी असली तरी पाने उलटून तिचे एकत्रित चित्र डोळ्यांपुढे उभे राहणे कठीण असते. तीच माहिती नकाशावर मांडली की कोणत्या वाड्यावर पाण्याची सोय आहे व कोणत्या वाड्यावर नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळते. अलीकडे शासकीय कार्यालयांत डॅशबोर्ड म्हणजे संगणकावरील माहितीफलक रूढ झाले आहेत. त्यांत नकाशा बसविलेला असेल आणि पाहणाऱ्याला तो हलविता, मोठा करता व त्यावरील खुणेवर बोट ठेवून तपशील वाचता येत असेल, तर त्यास संवादी नकाशा म्हणता येईल. असा नकाशा ‘आर’ या संगणकभाषेच्या साहाय्याने कसा तयार करावयाचा आणि तो करताना कोणती दक्षता घ्यावयाची, याची ओळख प्रस्तुत लेखात करून दिली आहे.

यातील एक गोष्ट आरंभीच सांगणे इष्ट होय. नकाशा पाहणाऱ्याचे लक्ष खुणांकडे जाते; मोकळ्या जागेकडे सहसा जात नाही. तथापि मोकळ्या जागेचे दोन अर्थ होऊ शकतात. तेथे सांगण्यासारखे काही नाही, हा एक. आणि तेथील नोंद आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही, हा दुसरा. या दोहोंतील भेद ज्या नकाशावरून कळत नाही, तो नकाशा कितीही देखणा असला तरी निर्णयास उपयोगी पडत नाही.

लंडनमधील एक जुना धडा

इ. स. १८५४ मध्ये लंडन शहरातील सोहो भागात पटकीची भयंकर साथ पसरली. डॉ. जॉन स्नो यांनी तेथील मृत्यूंची घरवार नोंद घेतली आणि पुढे ती रस्त्यांच्या नकाशावर मांडली. ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती मृत्यूंची दाटी असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. हा इतिहास अनेकांना ठाऊक आहे.

त्यातील कमी परिचित भाग असा की, डॉ. स्नो यांनी मोकळ्या जागांचाही शोध घेतला. पंपापासून जवळच पोलंड स्ट्रीटवर निराधारांसाठी चालविलेले एक श्रमगृह होते. त्याच्या तिन्ही बाजूंच्या घरांत माणसे दगावली होती. परंतु श्रमगृहातील ५३५ रहिवाशांपैकी केवळ ५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीअंती कळले की, त्या संस्थेच्या आवारात स्वतंत्र विहीर होती आणि तेथील माणसे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आणीत नसत. जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारही बचावले होते. तेही त्या पंपावर जात नसत. म्हणजे ही मोकळी जागा नोंद राहून गेल्यामुळे पडलेली नव्हती. तिच्यामागे कारण होते आणि त्या कारणाने मुख्य अनुमानास बळकटी आली. मोकळ्या जागेविषयी प्रश्न विचारण्याची ही सवय आजच्या संगणकीय नकाशालाही तितकीच आवश्यक आहे.

साधनांची ओळख

या कामी तीन साधने लागतात आणि तिन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत.

पहिले साधन ‘आर’ ही संगणकभाषा होय. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या काळात ती तयार केली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली करण्यात आली. कोष्टके, सरासरी, आलेख इत्यादी संख्याशास्त्रीय कामांसाठी ती जगभर वापरली जाते.

दुसरे साधन ‘लीफलेट’ होय. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर हलता नकाशा दाखविणारी ही आज्ञावली युक्रेनमधील व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा वापर ‘आर’मधून करता यावा यासाठी त्याच नावाचा एक पूरक संच उपलब्ध आहे.

तिसरे साधन ‘शायनी’ होय. ‘आर’मध्ये केलेली आकडेमोड वेबपानावर आणून ती वाचकाच्या निवडीप्रमाणे बदलती ठेवणे, हे तिचे कार्य. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

यांखेरीज नकाशाची पार्श्वभूमी, म्हणजे रस्ते, नद्या व गावांची नावे असलेले चित्र, हवे असते. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकसहभागाच्या उपक्रमातून ते मिळते. हे चित्र वापरताना त्या उपक्रमाचा श्रेयनिर्देश नकाशावर ठेवणे बंधनकारक आहे.

पहिला अभ्यास : फिजीजवळील भूकंप

शिकण्यासाठी माहिती गोळा करण्याची गरज नाही. ‘आर’सोबतच ‘क्वेक्स’ नावाचे एक कोष्टक येते. १९६४ पासून फिजी बेटांजवळ झालेल्या, चारपेक्षा अधिक तीव्रतेच्या १००० भूकंपांची त्यात नोंद आहे. प्रत्येक ओळीत अक्षांश, रेखांश, खोली, तीव्रता आणि नोंद करणाऱ्या केंद्रांची संख्या असे पाच रकाने आहेत.

या कोष्टकाचा साधा नकाशा तीन आज्ञांनी तयार होतो. ‘लीफलेट’ ही पहिली आज्ञा कोष्टक हाती घेऊन रिकामा नकाशा मांडते. ‘ॲड टाइल्स’ ही दुसरी आज्ञा पार्श्वभूमीचे चित्र आणते. ‘ॲड सर्कल मार्कर्स’ ही तिसरी आज्ञा प्रत्येक ओळीसाठी एक वर्तुळ काढते. वर्तुळाचा आकार तीव्रतेवरून व रंग खोलीवरून ठरवावा आणि वर्तुळावर क्लिक करताच तपशिलाची चौकट उघडेल अशी योजना करावी. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, मधे जागा न सोडता, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून लिहावी लागतात.

हा नकाशा भूगोलाच्या शिक्षकांस विशेष उपयोगी पडेल. पूर्वेकडे टोंगा गर्तेजवळचे भूकंप उथळ आहेत आणि पश्चिमेकडे जावे तसतशी खोली वाढत जाऊन काही ठिकाणी ६०० किलोमीटरच्याही पलीकडे जाते, हे रंगांवरून दिसते. पॅसिफिक भूपट्ट पश्चिमेकडे झुकत पोटात शिरत आहे, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य येथे विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता येते. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या प्रदेशाच्या स्मरणात आहे, तेथील विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

एक बारकावा लक्षात ठेवावा. या कोष्टकातील काही रेखांश १८० पेक्षा अधिक आहेत. १८१ पूर्व रेखांश म्हणजेच १७९ पश्चिम रेखांश. १८० रेखांशावर नकाशाचे दोन तुकडे पडू नयेत म्हणून ही पद्धत वापरलेली आहे.

डॅशबोर्डमध्ये नकाशा बसविणे

शायनीच्या प्रत्येक डॅशबोर्डचे दोन भाग असतात. पहिला दर्शनी भाग : पानावर कोठे काय असावे हे त्यात ठरते. दुसरा कार्यकारी भाग : आकडेमोड कशी व्हावी हे त्यात लिहिलेले असते. घराचे उदाहरण द्यावयाचे तर पहिला भाग ओसरीचा व दुसरा माजघराचा.

दर्शनी भागात ‘लीफलेट आउटपुट’ या आज्ञेने नकाशासाठी जागा राखून ठेवावी आणि त्या जागेला एक नाव द्यावे, उदाहरणार्थ, ‘नकाशा’. तिची उंची पिक्सेलमध्ये द्यावी. उंची टक्क्यांत दिली आणि बाहेरच्या चौकटीची उंची ठरविलेली नसली, तर नकाशाची उंची शून्य होऊन तो दिसतच नाही. नवशिक्यांचा पुष्कळ वेळ या एका गोष्टीत जातो. नकाशाशेजारी ‘स्लाइडर इनपुट’ या आज्ञेने सरकती पट्टी ठेवावी. म्हणजे वाचकाला खोलीची वा तीव्रतेची मर्यादा स्वतः निवडता येईल.

कार्यकारी भागात ‘रेंडर लीफलेट’ या आज्ञेने नकाशा तयार करून त्याच नावाच्या जागेत पाठवावा. येथे एक महत्त्वाचा नियम आहे. पट्टी सरकविल्याबरोबर संपूर्ण नकाशा नव्याने काढला गेला, तर वाचकाने मोठा करून पाहिलेला भाग निसटतो आणि नकाशा पुन्हा आरंभीच्या स्थितीस जातो. गावाचा शोध घेणाऱ्या माणसाला हे त्रासदायक होते. यासाठी न बदलणारा भाग, म्हणजे पार्श्वभूमी व सीमा, एकदाच काढावा. बदलणारी वर्तुळे मात्र ‘लीफलेट प्रॉक्सी’ या आज्ञेच्या द्वारे, असलेल्या नकाशावरच पुसून पुन्हा काढावीत. भिंतीवरील नकाशा न उतरविता त्यावरील टाचण्या बदलाव्यात, तसा हा प्रकार आहे.

संवाद दुसऱ्या दिशेनेही होतो. वाचकाने कोणत्या खुणेवर क्लिक केले, आणि या क्षणी नकाशाची कोणती चतुःसीमा पडद्यावर आहे, ही माहिती नकाशा आपण होऊन कार्यकारी भागाकडे पाठवितो. तिचा उपयोग करून, पडद्यावर जेवढा भाग दिसत आहे तेवढ्याच गावांचे कोष्टक नकाशाखाली दाखविता येते. ग्रामस्थ आपल्या वाड्यापर्यंत नकाशा मोठा करीत गेला की, खालचे कोष्टकही त्याच्या वाड्यापुरते उरते. त्यामुळे छापील नकाशाहून हा नकाशा त्याला अधिक जवळचा वाटेल.

आपल्या गावाची माहिती आणताना

तयार कोष्टकावर अभ्यास सोपा जातो. प्रत्यक्ष कार्यालयातील माहिती घेतली की अडचणींना आरंभ होतो. त्यांपैकी नेहमी आढळणाऱ्या चार अडचणी पुढे दिल्या आहेत.

पहिली अडचण अक्षांश-रेखांशांच्या अदलाबदलीची. पणजीचे अक्षांश सुमारे १५.५ उत्तर आणि रेखांश सुमारे ७३.८ पूर्व आहेत. हे आकडे उलट रकान्यांत पडले, तर पणजीची विहीर नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडते. दोन्ही रकान्यांत शून्य भरले असेल, तर ती आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात दिसते. वाचक मात्र गोव्याचाच भाग पाहत असल्याने दोन्ही प्रसंगी त्याला दिसते ती केवळ मोकळी जागा.

दुसरी अडचण अंश, कला व दशांश यांच्या गोंधळाची. १५ अंश ३० कला म्हणजे दशांश पद्धतीने १५.५०, परंतु पुष्कळ वेळा ते १५.३० असे लिहिले जाते. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. त्यामुळे एवढ्या चुकीने विहीर सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेस सरकते. गोव्यासारख्या लहान प्रदेशात एवढ्या अंतरात तालुकाच बदलतो. ही चूक पहिलीहून अधिक घातक आहे, कारण खूण दिसते, ती शोभूनही दिसते, मात्र ती भलत्याच गावात असते.

तिसरी अडचण मोजणीच्या पद्धतीची. शासकीय नकाशांच्या संगणकीय फायली अनेकदा अंशांऐवजी मीटरमध्ये असतात. ‘लीफलेट’ला अंशच लागतात. ‘एसएफ’ या पूरक संचातील ‘एसटी ट्रान्सफॉर्म’ या आज्ञेने हे रूपांतर करता येते.

चौथी अडचण नावांची. एका फायलीत सासष्टी, दुसरीत साष्टी आणि तिसरीत सालसेत असे लिहिलेले असते. इंग्रजी नोंदींतही सत्तरीचे लेखन कोठे एका ‘ट’ने तर कोठे दोन ‘ट’नी आढळते. माणसाला ही एकच नावे आहेत हे समजते. संगणकाला समजत नाही. म्हणून जोडणी नावावरून न करता सांकेतिक क्रमांकावरून करावी. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिलेला आहे. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’तही असे क्रमांक मिळतात. तरीही सीमा कोणत्या वर्षाच्या आहेत हे पाहावेच लागते. २०११ च्या जनगणनेच्या कोष्टकांत गोव्याचे तालुके अकरा आहेत. धारबांदोडा हा स्वतंत्र तालुका त्यांत नाही. जुने आकडे नव्या सीमांच्या नकाशावर तसेच टाकले, तर धारबांदोडा रिकामा दिसेल. तेथे लोकवस्ती नाही असा अर्थ कोणी काढू नये, ही जबाबदारी नकाशा करणाऱ्याची आहे.

गळलेल्या नोंदींचा आकडा

आता या पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्या ओळीत अक्षांश वा रेखांश नसेल ती ओळ ‘लीफलेट’ वगळते आणि किती ओळी वगळल्या याची सूचना देते. ही सूचना मात्र डॅशबोर्ड तयार करणाऱ्याच्या पडद्यावर उमटते. डॅशबोर्ड पाहणारा अधिकारी, शिक्षक वा ग्रामस्थ यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

समजा, एका तालुक्यात १२० विहिरींची नोंद आहे. त्यांपैकी १०२ विहिरींचे अक्षांश-रेखांश भरलेले आहेत आणि १८ विहिरींचे नाहीत. नकाशावर १०२ खुणा उमटतील. आता त्या १८ विहिरी तालुकाभर विखुरलेल्या असतील असे मानण्यास आधार नाही. जेथे मोबाइलची रेंज पोहोचत नाही, जेथे वाट अवघड आहे, तेथीलच मोजणी राहून जाण्याचा संभव अधिक. मग चैत्र-वैशाखात पाण्याचा टँकर कोठे पाठवावयाचा हे ठरविताना, आटलेल्या विहिरी लाल रंगात दाखविणारा नकाशा पाहिला जाईल आणि त्या दूरच्या वाड्यावर एकही लाल खूण दिसणार नाही. नोंद अपुरी राहिली म्हणून पाणी पोहोचले नाही, अशी स्थिती उद्भवेल. आणि नकाशा पाहणाऱ्याला त्याची जाणीवही होणार नाही.

यावरील उपाय साधा आहे. नकाशाच्या वरच डॅशबोर्डवर एक ओळ लिहावी : ‘एकूण नोंदी १२०, नकाशावर १०२, स्थान न मिळालेल्या १८.’ हे आकडे हाताने न लिहिता कोष्टकातूनच मोजून यावेत. ‘आर’मध्ये रिकामे रकाने मोजण्यास एक ओळ पुरते. त्या १८ विहिरींची गावनिहाय यादी नकाशाखाली द्यावी. कोष्टक व सीमा यांची जोडणी करताना कोणत्या नोंदी जुळल्या नाहीत हे ‘अँटी जॉइन’ या आज्ञेने कळते. तीही यादी दाखवावी. माहिती नसलेल्या गावाला ‘लीफलेट’ करड्या रंगात दाखविते. सूचीत त्या रंगापुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे मराठीत स्पष्ट लिहावे आणि शून्यासाठी निराळा रंग ठेवावा. शून्य ही मोजून मिळालेली माहिती आहे; करडा रंग म्हणजे मोजणी व्हावयाची आहे.

रंग, प्रमाण आणि गोपनीयता

गावांना वा तालुक्यांना रंग देताना केवळ संख्या वापरू नये. लोकवस्ती जेथे अधिक, तेथे रुग्णही अधिक, विद्यार्थीही अधिक आणि तक्रारीही अधिक असणार. दर हजारी प्रमाण काढून रंग दिला तरच तुलना न्याय्य होते. तांबडा व हिरवा हे रंग एकत्र टाळावेत, कारण काहींना त्यांतील भेद कळत नाही. फिकटापासून गडदापर्यंत एकाच क्रमाने जाणारी रंगमाला घेतली, तर कृष्णधवल छपाईतही अर्थ कायम राहतो.

माणसांविषयीची माहिती विशेष जपून हाताळावी. दशांशानंतर चार अंक दिले, तर स्थान सुमारे ११ मीटरपर्यंत अचूक कळते. विहिरीसाठी हे योग्य आहे. क्षयरुग्णाच्या घरासाठी मुळीच योग्य नाही. अशी माहिती गाव वा प्रभाग पातळीवरच, एकूण आकड्याच्या रूपात दाखवावी. तसेच शासकीय नकाशात देशाच्या बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखविल्या पाहिजेत. पार्श्वभूमीच्या चित्रातील सीमा त्यांच्याशी जुळतात की नाही, हे प्रसिद्धीपूर्वी तपासावे.

गावापर्यंत पोहोचविणे

शायनीचा डॅशबोर्ड चालण्यासाठी सामान्यतः कोठेतरी एक संगणक ‘आर’सह सतत चालू असावा लागतो. ज्या संस्थेला हे शक्य नाही, तिने केवळ नकाशाच एका फायलीत साठवून द्यावा. ‘सेव्ह विजेट’ या आज्ञेने अशी फाइल तयार होते व ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. त्यात आकडेमोड बदलता येत नाही, परंतु नकाशा हलतो, मोठा होतो आणि तपशिलाची चौकट उघडते. इंटरनेट नसेल तेथे पार्श्वभूमीचे चित्र येणार नाही. म्हणून गावाच्या व प्रभागांच्या सीमा आपल्या फायलीतूनच काढाव्यात. सीमारेषा फार बारकाईच्या असल्यास फाइल जड होऊन मोबाइलवर उघडण्यास विलंब लागतो. त्या आधी सोप्या करून घ्याव्यात.

शिक्षकांनी आपल्या वर्गाकडून शाळेच्या परिसरातील पाणवठ्यांची यादी करवून घ्यावी व तिच्यापासून असा एक लहान नकाशा तयार करावा. अधिकाऱ्यांनी डॅशबोर्ड स्वीकारताना ‘किती नोंदी नकाशावर आलेल्या नाहीत’ हा प्रश्न प्रथम विचारावा. आणि ग्रामस्थांनी ग्रामसभेत नकाशा दाखविला जाईल तेव्हा आपला वाडा शोधावा. तेथे खूण नसेल, तर ती का नाही हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तलाठ्यापासून संगणकतज्ज्ञापर्यंत कोणालाही न दिसलेली चूक, त्या विहिरीवर रोज पाणी भरणाऱ्या बाईला पहिल्या नजरेत दिसते. तिने दाखविलेली चूक त्याच दिवशी नोंदवहीत दुरुस्त होईल, अशी व्यवस्था प्रत्येक कार्यालयाने ठेवावी.